पाठीची गोळी

इस्पितळाच्या रक्तपेढीत सायलीने मालोजीच्या दंडाला रबरी पट्टा आवळून बांधला, दोन बोटांनी शीर चाचपली आणि सुई हातात घेतली. एवढ्यात मालोजी खुर्चीत जरा सरकला आणि तोंड वाकडे करून "आई गं" म्हणाला.

"अजून टोचलं पण नाही, दादा," सायली म्हणाली.

"टोचण्याचं न्हाई ओ. पाठ हाय. टेकून बसलं की कळ येती."

"रोज दुखते?"

"रोजच. पण गोळी घेतली की दिवस निघतो."

सायलीचा हात होता तिथेच थांबला. "कसली गोळी?"

"पाठीची. पांढरी असती बघा. पाण्यात टाकली की फसफसती."

"आज घेतलीत?"

"सकाळी. लायनीवर उभं ऱ्हायच्या आधी."

सायलीने सुई ट्रेमध्ये ठेवली आणि पट्टा सोडला. मालोजीने हात तसाच पुढे धरून ठेवला होता. त्याला वाटले, आता दुसऱ्या दंडाला बांधणार.

"अहो, मघाशी मी तीनदा विचारलं, काही औषध चालू आहे का म्हणून. तुम्ही नाही म्हणालात."

"न्हाईच चालू. मी काय आजारी हाय का?"

मालोजी खोटे बोलत नव्हता. तो खरोखरच बुचकळ्यात पडला होता. औषध आजाऱ्याला असते. ही गोळी कामाची होती, हातमोजे आणि सेफ्टी शूज असतात तशी. हे कुणाला समजावून सांगावे लागेल, असे त्याच्या मनातही आले नव्हते.

"त्या गोळीनं प्लेटलेट काम करायच्या बंद होतात," सायली म्हणाली. "निदान तीन दिवस तरी तुमच्या घेता येणार नाहीत." मग ती बाकाकडे वळली. तिथे ज्योतीराम आणि आणखी दोघे बाह्या दुमडून तयार बसले होते. "तुमच्यापैकी कोण कोण घेतं ही गोळी?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिले. गृहपाठ न केलेल्या पोरांसारखे तीन हात हळूहळू वर आले.

"आणि देतं कोण?"

"आमचे रणजीतभाऊ," ज्योतीराम म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार तर नव्हतीच, उलट थोडा अभिमानच होता. "सोताच्या खिशातनं देत्यात. कंपनीला आमच्या पाठीचं काय पडलंय?"

रणजीत दाराच्या चौकटीला खांदा लावून उभा होता. सायलीने त्याच्याकडे पाहिले तेव्हा त्याने मोबाइल काढला आणि उगीचच त्यात काहीतरी शोधू लागला.

त्याच्या अंगावर कालचाच शर्ट होता. रात्रभर तो भोसरीतल्या या इस्पितळाच्या पायऱ्यांवर बसून होता. मोशीतला माणूस, बापाची जमीन सोसायट्यांखाली गेलेली, आणि स्वतः चाकणच्या एका कंपनीत लाइन लीडर. मोटारींच्या सीटखालचे पत्र्याचे भाग त्याची लाइन दाबून काढायची. दिवसभर पत्रे उचलायचे, प्रेसखाली सरकवायचे, वाकून काढायचे, पुन्हा वाकायचे. समाधान हा त्या लाइनवरचा सगळ्यात भरवशाचा गडी. काल संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर दोघे आपापल्या गाड्यांवर मागेपुढे निघाले होते. मोशीच्या अलीकडे डंपरमधून सांडलेल्या बारीक खडीवरून समाधानची गाडी घसरली. हेल्मेट कोपरात अडकवलेले होते, ते कोपरातच राहिले. रणजीतनेच त्याला उचलून टेम्पोत घातले, आणि वाटेत समाधान "भाऊ, गाडी लॉक केली का?" असे दोनदा विचारून गप्प झाला.

रात्री डॉक्टर म्हणाले होते, मेंदूवर रक्त साकळलेय पण थोडे आहे, थांबून बघू. सकाळी पुन्हा स्कॅन झाला आणि डॉ. निरंजन स्वतः कॉरिडॉरमध्ये आले. तेही रात्रभर उभेच असावेत. भिंतीला टेकूनच बोलले.

"रक्त थांबायला हवं होतं. ते वाढतंय. कवटी उघडून काढावं लागेल. पण आत्ता सुरी लावली तर ते थांबवायचं कशानं? त्यांच्या प्लेटलेट काम करत नाहीयेत."

प्लेटलेट हा शब्द ऐकल्याबरोबर समाधानची बायको विजयश्री म्हणाली, "डेंग्यू झालाय का त्यांना?" यात तिचे काही चुकले नाही. या भागात प्लेटलेट म्हटले की डेंग्यू, आणि डेंग्यू म्हटले की पपईची पाने. मालोजी तर मघाशी पानांची जुडी घेऊनच आला होता.

"नाही, नाही. संख्या कमी नाहीये," डॉक्टर म्हणाले. "चांगल्या दोन लाखांच्या वर आहेत. नुसत्याच आहेत."

"म्हंजी हजेरी पूर्ण, पण काम बंद," रणजीत म्हणाला.

डॉक्टरांनी पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिले. "तसंच. डोक्याला जबर मार बसला की कधी कधी असं होतं. मार मेंदूला, आणि सुस्तावतात रक्तातल्या प्लेटलेट. असं का होतं, ते आम्हालाही पुरतं कळलेलं नाही. पण यांच्या जरा जास्तच सुस्तावल्यात. एखादी गोळी चालू आहे का? रक्त पातळ करायची, डोकेदुखीची, कसलीही?"

"न्हाई ओ डॉक्टर," विजयश्री म्हणाली. "त्यांना कसलंच येसन न्हाई. सुपारी सुदीक खात न्हाईत."

डॉक्टरांनी रणजीतकडे पाहिले. रणजीतने मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, हे त्यालाही सांगता आले नसते.

"मग आधी चालत्या प्लेटलेट द्यायला हव्यात. डेंग्यूच्या साथीनं आमचा साठा संपलाय, फोन करकरून थकलो. बी पॉझिटिव्हचा एक धडधाकट दाता आणा. एकाच्या अंगातून काढल्या तरी पुरतील. पण लवकर."

कुणाचा रक्तगट काय, हे रणजीतला पाठ होते. कंपनीच्या गळ्यातल्या कार्डावर तो लाल अक्षरांत छापलेला असतो. त्याने लाइनवरच्या चौघांना फोन केले आणि चौघे अर्ध्या शिफ्टवरून तसेच निघून आले. ते कुठली गोळी घेतात, हे त्याच्याइतके कुणाला ठाऊक असणार? पण फोन लावताना तो विचार त्याने मनात येऊच दिला नाही. पळापळ करणाऱ्या माणसाला तेवढी एक सवलत असते, की पळताना विचार करावा लागत नाही.

सायलीने आता वरच्या मजल्यावर फोन लावला होता. "सर, पेशंट ज्या लाइनवर काम करतो, तिथं सगळेच रोज ॲस्पिरिन घेतात... हो, पाण्यात विरघळणारी... हो, पेशंटही घेत असणार. नाही सर, दाता अजून नाही मिळाला."

तिने फोन ठेवला तेव्हा विजयश्री जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होती. केव्हा खाली आली, ते कुणालाच कळले नव्हते.

"कसली गोळी, भाऊजी?" तिने रणजीतला विचारले.

"पाठीची, वहिनी. सगळेच घेत्यात."

"मला न्हाई सांगितलं त्यांनी." ती म्हणाली. "रोज रात्री पाठ चेपून द्यायचे मी. म्हणायचे, तुझ्या हातानं उतार पडतोय."

रणजीतला खाली बसावेसे वाटले. पण बाकावर ज्योतीराम सरकून जागा करत होता आणि त्या जागेवर बसायची त्याला लाज वाटली. तो उभाच राहिला.

ज्योतीरामने तोवर दहा ठिकाणी फोन फिरवले होते. शेजारच्या लाइनवर बी पॉझिटिव्हचे तिघे होते, तिघेही तीच गोळी घेत होते. एकाचे काम चांगले चालले की दुसरा तसेच करतो. वर्षभरात ती गोळी कारखान्यात सगळीकडे पसरली होती. गावाकडचा एक चुलतभाऊ येतो म्हणाला, पण तो होता धाराशिवला.

"आन् गंमत बघा," ज्योतीराम सायलीला म्हणाला, "भाऊंचा पण बी पॉझिटिव्हच हाय. पण काय उपेग? भाऊ तर आमच्या आधी घेत्यात गोळी."

रणजीतच्या गळ्यात कार्ड होते. त्याने ते शर्टाच्या आत टाकले, जणू काही लोंबकळत होते म्हणून. "मी जरा अजून कुणाला विचारून बघतो," असे म्हणून तो बाहेर पडला.

रस्त्यापलीकडे चहाची टपरी होती. त्याने चहा सांगितला आणि तो हातात धरून उभा राहिला.

गोळी सुरू झाली तीसुद्धा चांगुलपणातून. गेल्या वर्षी ऑर्डर वाढली, माणसे वाढली नाहीत. माणसे कंबर धरून मध्येच खाली बसू लागली. रणजीतची बायको नेहा मोशीत औषधांच्या दुकानात काउंटरवर असते. तिच्याकडून त्याने एक पट्टी आणली आणि पहिली गोळी समाधानला दिली. समाधानने त्या दिवशी एकदाही कंबर धरली नाही. मग रोज सकाळी पाण्याच्या कूलरपाशी स्टीलचे ग्लास मांडले जाऊ लागले. लाइनचा उत्पादनाचा आकडा कारखान्यात पहिला आला. साहेबांनी पाठ थोपटली ती रणजीतची, आणि त्याने मिळालेले पेढे आणून लाइनवर वाटले. पोरे म्हणायची, रणजीतभाऊंसारखा माणूस मिळणार नाही. त्यालाही ते खरे वाटायला लागले होते.

मध्ये एकदा समाधानच म्हणाला होता, "भाऊ, रोज घेऊन काय होत न्हाई ना?" तेव्हा रणजीतने आपला ग्लास कूलरखाली भरला, सगळ्यांच्या देखत वर धरला आणि म्हणाला, "मी बी घेतोच की. मला काय झालंय?" आणि घटाघटा प्यायला. स्टीलच्या ग्लासात काय आहे ते बाहेरून दिसत नाही. त्या दिवसापासून तो रोज सगळ्यांच्या आधी एक ग्लास नुसते पाणी प्यायचा. नेहाने पहिल्याच दिवशी त्याला बजावले होते, ही गोळी कधीमधी ठीक, रोज घ्यायची वस्तू नाही, पोटात जखम होते. आणि त्याला तर गरजही नव्हती. लाइन लीडर वाकत नाही, फिरतो.

त्याने नेहाला फोन लावला. दुकानात गर्दी असावी, मागून कुणीतरी खोकल्याचे औषध मागत होते.

"तुझ्या वळखीत बी पॉझिटिव्ह कोण हाय का?"

"तुझाच की," नेहा म्हणाली.

"माझं सोड."

"का सोड? तुला काय धाड भरलीय?"

"पोरांना वाटतंय मी पण गोळी घेतो."

पलीकडे नाणी वाजली. नेहा खोकल्याच्या औषधाचे सुटे पैसे कुणाला तरी परत देत असावी.

"मग कळू दे की त्यांना," ती शेवटी म्हणाली. "समाधानदादा काय त्यासाठी थांबणार हाय का?" आणि तिने फोन ठेवला.

रणजीतने चहा संपवला. तो त्याला नको होता, तरी संपवला. समोरून चाकणकडे जाणाऱ्या कंटेनरची रांग मुंगीच्या पावलाने सरकत होती. त्याला भीती वाटत होती, आणि ती सुईची नव्हती. उद्या कूलरपाशी त्या माणसांच्या डोळ्याला डोळा कसा भिडवायचा, याची होती. आणि त्याहून हलकट असा एक विचार मनात होता, की अजून कुणीतरी मिळेल. कुठूनतरी एखादा अनोळखी, धडधाकट माणूस येईल आणि आपली सुटका होईल. त्या विचाराची त्याला किळस आली, पण रस्ता ओलांडताना तो पुन्हा एकदा फाटकाकडे बघत होता, कुणी येतेय का म्हणून.

आत डॉ. निरंजन स्वतः खाली आले होते. विजयश्री त्यांच्यासमोर उभी होती आणि त्यांचा एकेक शब्द ओठ हलवून मनातल्या मनात परत म्हणत होती.

"शुद्ध आणखी उतरलीय," डॉक्टर म्हणत होते. "मला फार थांबता येणार नाही, आणि प्लेटलेटशिवाय हात घालायची छाती होत नाही. कुणीच नाही का?"

"माझ्या घ्या," रणजीत म्हणाला.

सगळ्यांनी वळून पाहिले. त्याने शर्टाच्या आतून कार्ड बाहेर काढले आणि सायलीपुढे धरले.

"अहो, ते तर घेत्यात गोळी," ज्योतीराम घाईघाईने म्हणाला. "मी सांगितलं की मघाशी मॅडमना. भाऊ, तुमचं चालणार न्हाई."

"मी न्हाई घेत," रणजीत म्हणाला.

सायली आता शहाणी झाली होती. सकाळपासून तिने चार वेळा 'नाही' ऐकले होते आणि चारही वेळा ते खोटे निघाले होते. "दादा, नीट आठवून सांगा," ती म्हणाली. "आज सकाळी?"

"न्हाई."

"काल? परवा?"

"न्हाई."

"मग शेवटची घेतलीत कधी?"

रणजीतने मालोजीकडे पाहिले नाही आणि ज्योतीरामकडेही पाहिले नाही. सायलीच्या टेबलावर कापसाचा डबा होता, त्याच्याकडे बघत तो म्हणाला, "कधीच न्हाई घेतली."

सायलीला उत्तर पटले. तिने मान डोलावली आणि नवीन पट्टा काढला. मालोजीने पपईच्या पानांची जुडी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. ज्योतीरामने दुमडलेल्या बाह्या उलगडल्या आणि मनगटाची बटणे लावत बसला. ती बराच वेळ लागेनात.

विजयश्रीला मात्र या सगळ्याशी काहीच देणेघेणे नव्हते.

"मग बसा की, भाऊजी," ती म्हणाली. "कशापायी थांबलाव?"

आधी नुसते थोडे रक्त काढून तपासायला पाठवले. कावीळ आहे का, अमुक आहे का, तमुक आहे का. अहवाल येईपर्यंत सगळे बाकावर बसून होते. मग रणजीतला मोठ्या खुर्चीत निजवले, एका हातात जाड सुई खुपसली आणि बाजूचे मशीन फिरू लागले. त्याचे रक्त नळीतून जात होते, मशीन त्यातून हवे ते काढून घेत होते आणि उरलेले परत करत होते. वर टांगलेल्या पिशवीत फिकट पिवळे पाणी थेंबाथेंबाने साठत होते. विजयश्री दाराशी उभी राहून पिशवीकडे बघत होती. त्याच्याकडे तिने एकदाही पाहिले नाही.

"छान येतायत," सायली म्हणाली. "ओठाला मुंग्या आल्या तर सांगा."

ओठाला मुंग्या येत होत्या. त्याने सांगितले नाही. सायली फोनवर ऑपरेशनची वेळ विचारायला बाहेर गेली, तिच्यामागोमाग विजयश्रीही गेली. तेव्हा ज्योतीराम आत आला.

तो खुर्चीजवळ उभा राहिला. थोडा वेळ मशीनकडे बघत राहिला. मशीन दिसले की त्याचे डोळे आपोआप त्यातल्या फिरत्या भागाकडे जातात.

"मग ग्लासात काय असायचं?" त्याने विचारले.

"पाणी."

"नुसतं?"

"नुसतं."

"रोज?"

"रोज."

ज्योतीरामने मान हलवली. "नव्या पोरांना मी सांगायचो. घ्या रे, भाऊ सोता घेत्यात म्हणून."

"ज्योतीराम, माझं—"

"मालोजीची पाठ धरलीय," ज्योतीराम म्हणाला. "इतका वेळ बाकावर बसून लाकूड झालीय. भिंतीला टेकून उभा हाय, धड बसता येईना. गोळी हाय का तुमच्याकडं?"

रणजीत त्याच्याकडे बघतच राहिला. "डॉक्टर काय म्हणाले, ऐकलं न्हाई का तू?"

"ऐकलं की."

"मग?"

"मग काय, भाऊ? कंपनीतनं तीन फोन येऊन गेले. लाइन उभी हाय. समाधान न्हाई, तुमी न्हाई, आता आमाला तरी जावं लागंल. चाकणपतूर गाडीवर बसायचंय त्याला, आन् गेल्यावर वाकायचंय." त्याच्या आवाजात राग असता तर रणजीतला बरे वाटले असते. त्यात नुसता थकवा होता. "खिशात असंल तर द्या."

पट्टी खिशातच होती. रणजीतचा एक हात मशीनला बांधलेला होता, दुसरा मोकळा होता. त्याने तो मोकळा हात खिशावर ठेवला आणि तसाच दाबून धरला. आता ही गोळी कुणालाच द्यायची नाही, असे त्याला ओरडून सांगावेसे वाटले. पण मग मालोजीला काय द्यायचे? दाराच्या फटीतून मालोजी दिसत होता. भिंतीला टेकून, डोळे मिटून, दात आवळून तो उभा होता.

रणजीतने हात बाजूला घेतला.

ज्योतीरामने वाकून खिशाचे बटण काढले, पट्टी बाहेर घेतली आणि दोन गोळ्या तोडल्या. एक मालोजीची, एक स्वतःची. उरलेली पट्टी त्याने परत रणजीतच्या खिशात नीट आडवी ठेवली आणि बटण लावले.

"ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "उद्या लागतील."